उभ्याचं नवरात्र

सुट्टीवर निघताना शालूबाई सिस्टरांनी मला खोलीत बोलावलं आणि माझ्या हातातली पुस्तकांची पिशवी काढून घेतली. बाजारात वांगी जोखावीत तशी दोनदा वरखाली केली आणि म्हणाल्या, "विजयमाला, यातली निम्मी इथंच ठेव. सुट्टी तुला अभ्यासाला दिलेली नाही, झोपायला दिली आहे."

त्यांचं खरं होतं. एप्रिलमध्ये मी नर्सिंगच्या परीक्षेत नापास झाले, ती काही येत नव्हतं म्हणून नव्हे. महिनाभर रात्रपाळी केली, पहाटे वॉर्डातून सुटले की घोकायला बसायची, आणि पेपरच्या दिवशी दुसऱ्या प्रश्नाच्या मध्यावर बाकावर डोकं टेकून चक्क घोरले. पर्यवेक्षकबाईंनी हलवून जागं केलं तेव्हा बाकीच्या मुली उत्तरपत्रिका बांधत होत्या. सांगलीच्या आमच्या त्या हॉस्पिटलात पुढे आठवडाभर हाच एक विनोद चालला होता.

पण दुसऱ्यांदा नापास होणं हा विनोद नव्हता. दुसऱ्यांदा नापास झालेल्या मुलीला हॉस्पिटल ठेवून घेत नसे. सासरचं दार मला कधीच बंद झालं होतं, नवऱ्यानं दुसरी करून आणली होती. वडील मुंबईच्या गिरणीत होते तोवर त्यांच्या हट्टानं मी मराठी सातवी झाले. ते वारल्यावर आई एकटी माणातल्या त्या कोरड्या गावात दिराच्या, म्हणजे तात्यांच्या, आधारानं राहत होती. म्हणजे पास झाले तर नर्स, नाहीतर तात्यांची मेंढरं. मधली वाट नव्हती.

"सकाळी दोन तास वाच," सिस्टर म्हणाल्या, "दुपारी झोप. दिवे लागल्यावर पुस्तक उघडायचं नाही. परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी मला तुझे डोळे पांढरे दिसले पाहिजेत, लाल नकोत."

दुसऱ्या महायुद्धाची लढाई चालू होती. पेट्रोल मिळत नव्हतं, म्हणून आमच्या बाजूची मोटार कोळशाच्या गॅसवर चालायची. मागे भट्टी बांधलेली, आणि प्रत्येक चढाला ड्रायव्हर नियाज उतरून ती ढोसायचा. दहिवडीच्या पुढं आमच्या फाट्यावर उतरेपर्यंत माझा चेहरा भडभुंज्यासारखा झाला होता. आईनं पदरानं तोंड पुसलं, मग ओळखलं आणि मग हसली. आल्या आल्या मी जी झोपले ती दुसऱ्या दिवशी उन्हं वर आल्यावर उठले. पहिले दोन दिवस सिस्टरांच्या हुकमाची अगदी तंतोतंत अंमलबजावणी झाली. वाचलेलं डोक्यात राहत होतं. जेवण अंगी लागत होतं. मला वाटलं, जमलं.

पाडव्याच्या दिवशी घट बसले आणि माझी सुट्टी उठली.

आमच्याकडं कुळदेवाचं, म्हसवडच्या नाथबाबाचं, नवरात्र दसऱ्याला नसतं, दिवाळीच्या पाडव्याला घट बसतात आणि तुळशीच्या लग्नाला उठतात. हे ठाऊक होतंच. आई दरवर्षी उपास धरायची. पण त्या दिवशी तिनं मला वाढलं आणि उभ्यानंच कण्हेरीचं फूल घटावर ठेवलं, उभ्यानंच दूध प्यायली, उभ्यानंच तांदूळ निवडले, सूप कंबरेला टेकवून. मी म्हटलं, घाईत असेल. दुपारी आकारामतात्या, माझे चुलते, दोन कासरे आणि एक फळी घेऊन आले आणि सोप्यातल्या आढ्याला त्यांनी ती फळी टांगली. छातीच्या उंचीवर. वर वाकळेची घडी घातली. आई पुढं झाली आणि तिनं त्या फळीवर दोन्ही हात टाकून मान टेकून बघितली.

"बरूबर हाय, भावजी," ती म्हणाली.

"आये, हे काय?"

"उभ्याचं नवरात्र धरलंय," आई म्हणाली. "आता तुळशीचं लगीन लागंस्तवर बुड टेकायचं न्हाई."

उभ्याचं नवरात्र धरणारी माणसं मी लहानपणी म्हसवडला पाहिली होती. बारा दिवस ना बसणं, ना आडवं होणं. फिरायचं, उभं राहायचं, डोळा लागला तर अशाच टांगलेल्या फळीवर मान टाकायची. धडधाकट गडी तिसऱ्या दिवशी भिंत धरून चालतात. आणि माझ्या आईचे पाय! दुष्काळात सडकेच्या कामावर खडीच्या पाट्या वाहून वाहून तिच्या पिंढऱ्यांवर निळ्या शिरा गांडुळांसारख्या वर आल्या होत्या. डाव्या घोट्याशी कातडं काळं पडलेलं, दोन वर्षांपूर्वी तिथं जखम होऊन सहा महिने भरली नव्हती. असल्या पायाला काय सांगावं हे माझ्या पुस्तकात ठळक अक्षरात होतं. पाय उंच करून पडून राहावं.

"कशासाठी?" मी विचारलं, आणि विचारतानाच उत्तर कळलं.

"तुज्यासाठी की. तूच तर कळवलंस. भावजींनी वाचून दाखवलं, दिवाळी झाली की मी परीक्षेला बसणार. मागल्या खेपेला बी बसलीस. पर मागल्या खेपेला हितं उभं कोन हुतं? कोनबी न्हवतं. मग यश कसं येनार? एक बसलं तर एकानं उभं ऱ्हायाला नगं?"

 आमच्यात घट बसतात, देव बसतात, नवसाची माणसं देवळात बसतात. माझी परीक्षा आईनं त्यांच्याच रांगेत नेऊन बसवली होती. बसणारी मी. मग उभी राहणारी कोण, हा प्रश्न तिच्या लेखी सरळ होता, आणि तात्यांच्या लेखीही. ते मान डोलावत होते.

मी रागावले. माझा राग म्हणजे काही आडून आडून मारलेले टोमणे नव्हेत, सरळ आगपाखड. वडिलांवर गेलेय म्हणतात. मी म्हटलं, "परीक्षेला बसणं म्हंजी नुसतं म्हणायची रीत हाय गं! देवाधर्माचं काय न्हाई त्यात. लिवायचं आसतंय. मी झोपले म्हणून नापास झाले, तू उभी न्हवतीस म्हणून न्हवं."

"तेच म्हनती मी. तू झोपलीस. हितं कोन जागं उभं आसतं तर झोप आली असती व्हय?"

पालथ्या घड्यावर पाणी. 

त्या दिवसापासून माझा अभ्यासही गेला आणि विश्रांतीही गेली. दुपारी सिस्टरांच्या हुकमाप्रमाणे मी घोंगड्यावर आडवी व्हायची. डोळे मिटले की सोप्यात कासऱ्याचा करकर आवाज यायचा. आई एका पायावरचा भार दुसऱ्यावर घ्यायची तेव्हा फळी हलायची. मी मोजायचं नाही म्हणायची आणि पुढच्या आवाजाची वाट बघत पडायची. उठून पुस्तक घेतलं तर एकच ओळ पाच वेळा वाचायची. आई उभी असताना मला पडवेना आणि आई उभी असताना मला वाचवेना. धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय.

त्यात गाव. उभ्याचं नवरात्र धरलेल्या माणसाच्या पाया पडायला बायका येतात. त्या यायच्या, आईच्या पाया पडायच्या, हळदकुंकू लावायच्या, आणि मग माझ्याकडं वळायच्या. कोणीतरी पहिल्याच दिवशी मला पाट आणून दिला होता. मी पाण्याला उठले की तिघीचौघी एकदम ओरडायच्या, "तू बस, तू बस! तुला बसायचं हाय!" पाणी जागेवर यायचं. जेवण जागेवर यायचं. परसाकडं जातानासुद्धा म्हातारी माणसं नाराजीनं बघायची. पोरांना अंगणात दंगा करायची बंदी झाली. ज्या बाईनं मला सासरहून परत आल्यावर वर्षभर तोंड दाखवलं नव्हतं, ती मला वारा घालायला लागली. बसून बसून माझं कंबरडं ताठलं. हॉस्पिटलात दिवसभर पायावर नाचणारी मी. पाटावर बसून अंगात मुंग्या नुसत्या वारुळातून निघाव्या तशा निघायच्या. मांडी बदलायची, पुस्तक बदलायची, परत मांडी बदलायची. आईची फळी करकरायची.

चौथ्या दिवशी मी एक युक्ती केली. म्हटलं, हिच्याच न्यायानं हिला बसवू.

"आये, तुला एक सांगायचं राहिलं. आमची निम्मी परीक्षा उभ्यानं आसती. सकाळी लिवायचं, आन् दुपारी पेशंटच्या खाटेपाशी उभं करून तोंडी इचारत्यात. हे करून दाव, ते करून दाव. समदं उभ्यानं."

हे खरंच होतं. आईनं विचार केला. माझ्या जिवात जीव आला.

"मग तर लय बरं झालं," ती म्हणाली, चेहरा उजळून. "म्हंजी माजं उभं ऱ्हानं तुला दोन्ही वक्ताला उपेगी पडंल. तितं तुजं पाय दुखायचं न्हाईत."

मी पाटावरून उठले, परसात गेले आणि शेळीवर ओरडले. शेळीचा काही दोष नव्हता.

आईची एक जिवाभावाची मैत्रीण होती, शेजारची रहिमतबी. गावोगाव बांगड्या भरत फिरायची. सणासुदीला दोन दिवस घरी असायची तेव्हा आमच्या सोप्यात येऊन बसायची. ती एकटीच अशी, की तिनं मला ना बस म्हटलं ना उठ म्हटलं. आईचा डावा पाय तिनंच आधी बघितला. घोटा सुजून तकतकत होता, काळ्या कातड्याच्या मधोमध लाल डाग आला होता.

"मनुबाय, पाय फुटतोय तुजा," ती म्हणाली. "आमच्यात आजारी माणसाला रोजा माफ हाय. बरं वाटल्यावर मागनं भरून देत्यात. तुमच्यात भरून देत न्हाईत व्हय?"

"आमच्यात भरून देत न्हाईत," आई म्हणाली. ओठ पांढरे पडले होते, पण आवाज तोच. "एकदा धरलं की धरलं. लयच झालं तर पोटच्या पोरानं हातात घ्यायचं आसतंय. मला कुटला पोरगा?"

 रहिमतबीनं माझ्याकडं बघितलं नाही, मुद्दाम की सहज, ते मला आजही सांगता येणार नाही. बांगड्यांची माळ खांद्याला लावून उठली आणि गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी डाग फुटला. फार नाही, पण लुगड्याच्या काठाला लस लागली आणि आईच्या अंगात कणकण आली. मी पाणी उकळलं, जखम धुतली, बोटांपासून गुडघ्यापर्यंत पट्टी बांधली. आई फळीला धरून उभी, मी खाली जमिनीवर. हॉस्पिटलात असा पेशंट उभा असता तर मी वॉर्ड डोक्यावर घेतला असता.

"आये, पड आता."

"न्हाई."

"पाय जाईल तुजा."

"जाऊंदे. तू पास हो."

तेव्हा मला जो राग आला तो आधीच्या रागांसारखा नव्हता.  मला वाटलं, या बाईला आयुष्यात कुणी म्हटलं असेल का, बस म्हणून? बायका रोज तिच्या पाया पडत होत्या आणि मला पाटावर पाणी देत होत्या. मी उठले. तिचे हात फळीवरून एकेक करून सोडवले आणि माझे टाकले.

"पोटच्यानं हातात घ्यायचं न्हवं? घेतलं."

"अगं, तू बसनारी हायेस!"

"ते सांगलीत. हितं उभी ऱ्हाते. मुलगाच पायजे आसं काय नाथबाबानं लिवून दिलंय? तात्या, दिलंय का?"

तात्या दारात उभे होते. त्यांनी डोकं खाजवलं. "तसं लिवल्यालं कुटं वाचन्यात न्हाई," ते म्हणाले. गावातलं सगळं वाचन तेच करत, त्यामुळं प्रश्न मिटला.

आई तरी ऐकेना. अर्धा तास हुज्जत झाली. शेवटी तिनं अट घातली. "नवरात्र सरायच्या आत तुजी परीक्षा हाय. तितं तू बसनार. तू बसलीस की मग हितं मला उभं ऱ्हाया पायजे. तेवढा दिस माजा."

मी हो म्हटलं. त्या क्षणी तिला आडवं करण्यासाठी मी कशालाही हो म्हटलं असतं. ती घोंगड्यावर पडली, मी तिच्या पायाखाली वाकळा रचल्या, आणि माझं बोलणं संपायच्या आत तिला झोप लागली. भर सकाळी. तोंड उघडं टाकून, हात पसरून. पाच दिवसांचं उभं राहणं तिच्या अंगातून घरंगळत जमिनीवर आलं होतं. मी फळीवर कोपरं टेकून कितीतरी वेळ नुसती बघत राहिले, पुस्तक कुठं ठेवलंय हेही विसरून.

गावाला काही कळेना. बसणारी उभी आणि उभी राहणारी पडलेली. एक म्हातारी माझ्या पाया पडायला वाकली, मध्येच थांबली, आणि नुसतंच "आसुंदे" म्हणून गेली.

अभ्यास झाला का? झाला. फळीवर पुस्तक ठेवलं की ते बरोब्बर डोळ्यांपुढं येतं. उभ्या माणसाला डुलकी लागली की गुडघा मुडपतो आणि जाग येते, हा एक फायदा. पण पहिल्या दिवशी पोटऱ्या दुखल्या, दुसऱ्या दिवशी कंबर, तिसऱ्या दिवशी काय दुखतंय हे सांगता येईना, सगळी मीच दुखत होते. विश्रांतीचं तर नावच नको. तरी एक खरं, आईच्या फळीचा तो करकर आवाज आता मीच करत होते, म्हणून तो मला ऐकू येत नव्हता. आई पडल्या पडल्या मला प्रश्न विचारायची. "हिवतापाचं झालं का?" "झालं." "बाळंतिणीचं?" "चाललंय." "जखमंचं?" "तुझ्याच पायावर केलंय, आये." तीन दिवसांत तिची सूज ओसरली, जखम कोरडी व्हायला लागली. ताप गेला.

परीक्षेच्या आदल्या दिवशी सकाळी मोटार होती. सांगलीपर्यंत उभ्यानं कसं जायचं, हा नवा पेच. आईनं तो आपणच सोडवला. "मोटार चालती न्हवं? मग तिच्यात बसलीस तरी तू चाललीसच. त्याचं काय न्हाई." नाथबाबा स्वतः कधी मोटारीत बसला नसल्यामुळं त्याचीही हरकत निघाली नाही. मी मोटारीत बसले आणि फाट्यापासून विट्यापर्यंत अशी झोपले की नियाजनं भट्टी ढोसायला पाच वेळा गाडी थांबवली तरी मला पत्ता नाही.

निघताना मात्र मी आईला विचारलं होतं. "मी कधी बसले, कधी उठले, तुला हितं कसं कळायचं?"

"दिस उगवला की उभी ऱ्हाईन. मावळला की पडंन. मदी तू कवाबी बस."

"पेपर सकाळचाच आसतो. दुपारी मी उभीच आसणार."

"म्हंजी कवा सुटनार, घड्याळ हाय का माज्यापाशी?"

शालूबाई सिस्टरांनी संध्याकाळी माझे डोळे बघितले. लाल होते. त्यांनी पेलाभर गरम दूध पाठवून दिलं.

सकाळी परीक्षेच्या हॉलमध्ये मी बाकावर बसले. चार दिवसांनी धड बसले होते. खरं तर सुख वाटायला हवं होतं. प्रश्नपत्रिका आली, प्रश्न येत होते, झोप येत नव्हती. पहिला प्रश्न लिहिला. दुसरा लिहिला, जिथं मागच्या खेपेला घोरले होते तो. आणि तिसरा वाचताना मला फळीचा आवाज ऐकू आला. करकर. डावा पाय, मग उजवा. बाहेर ऊन चढत होतं. आई दिवस उगवल्यापासून उभी असणार, त्या पट्टीवर, त्या नुकत्या धरत आलेल्या खपलीवर. मी बसलेय म्हणून. मी जितका वेळ बसेन तितका वेळ.

मी उठले म्हणून ती बसणार नव्हती. इथं सांगलीत मी उठले काय नि बसले काय, तिला माणात कळणार नव्हतं. दिवस मावळेपर्यंत ती उभी राहणारच होती. हे सगळं मला चांगलं कळत होतं, मी काही अडाणी नव्हते. तरी माझ्याच्यानं बसवेना. मांडीखालचा बाक पोळायला लागला. मी उठले, उभी राहिले, आणि वाकून लिहायला लागले.

पर्यवेक्षक म्हणून बाहेरून एक जाड्या डॉक्टरीणबाई आल्या होत्या. त्या आल्या. "काय हवंय?"

"काही नाही."

"मग बसा."

"मला बसवत नाही, बाई."

त्यांनी माझ्याकडं वरपासून खालपर्यंत बघितलं, आणि मग आवाज अगदी हळू करून विचारलं, "गळू झालंय का?"

काय सांगणार? माझी आई उभी आहे म्हणून सांगू? मी म्हटलं, "हो."

"बरं. उभ्यानं लिहा. दुखत असेल तर सांगा." आणि जाता जाता, "पोटीस लावा रात्री."

उरलेले सगळे प्रश्न मी उभ्यानं लिहिले. अक्षर वाकडंतिकडं आलं. दुपारी खाटेपाशी तोंडी झाली, त्यात तर उभंच राहायचं होतं, आणि त्या डॉक्टरीणबाईंनी मला दया येऊन दोनच प्रश्न विचारले. नाताळाच्या आधी निकाल लागला आणि मी पास झाले, हे आताच सांगून टाकते.

पण तेव्हा निकालाचं काही सुचत नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळची मोटार धरली. वाटेत नियाजला सारखी म्हणत होते, हाण की जरा. तो म्हणाला, "आवं बाई, कोळसा हाय ह्यो, घोडं न्हवं." माझ्या पिशवीत पट्ट्या होत्या, मलम होतं, बोरिक होतं. मनात पाय काळा पडला होता, सुजला होता, तोडायला निघाला होता. फाट्यापासून गावापर्यंत मी पळत आले.

तुळशीचं लग्न दुसऱ्या दिवशी होतं, म्हणजे नवरात्र अजून सरलं नव्हतं. सोप्यातली फळी रिकामी लोंबत होती. 

आई अंगणात बसली होती. चक्क बसली होती. ज्या पाटावर मला पाच दिवस बसवलं होतं त्याच पाटावर, डावा पाय समोर लांब करून, आणि शेजारी रहिमतबी. दोघी शेंगा फोडत होत्या.

"आये! तू बसलीस?"

"बसले की."

"पडलीस का? चक्कर आली? कवापास्नं बसलीस?"

"काल सकाळपास्नं." आईनं शेंगा बाजूला सारल्या. "दिस उगवला तवा उभी ऱ्हायली हुती. कासराभर दिस वर आला. आन् मग मनात आलं, ही पोरगी काय तितं धड बसायची न्हाई. मी वळखती न्हवं तुला. मी हितं उभी म्हनून ही तितं उठली आसनार. उठली हुतीस का न्हाई?"

मी होकारार्थी मान हलवली.

"बगा!" आई रहिमतबीला म्हणाली, आणि परत माझ्याकडं वळली. "मग दोगीबी उभ्या ऱ्हायल्या तर परीक्षेला बसायचं कुनी? नाथबाबाला म्हनलं, आमचं मायलेकीचं ठरल्यालं हाय, एकीनं बसायचं, एकीनं उभं ऱ्हायाचं. ती उभी हाय. आन् बसले. तुज्या वाटनीचं मी बसले."

मी मटकन खाली बसले, तिच्या पायाशीच. हसू येत होतं, ते हसता हसताच रडू झालं. गळवाची गोष्ट सांगायला तोंड उघडलं तर नुसते हुंदकेच बाहेर आले. तिचा पाय मांडीवर घेतला आणि पट्टी सोडायला लागले, पण गाठ सुटेना.

"सावकाश गं," आई म्हणाली, "चिकटलीया ती."